ठिपक्यांच्या मागे गेलेला माझा भाऊ

सदा,

काल तुझ्या शोकसभेला जाऊन आले. शाहूपुरीतल्या एका सायकलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ती भरवली होती. तुझ्या फोटोशेजारी एक चकचकीत सायकल उभी केली होती आणि तिच्या हँडलला झेंडूचा हार घातला होता. शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारलं, "ही त्यांचीच का हो?" मी म्हटलं, "न्हाय. दहावी झाल्यापासनं तो सायकलवर बसल्याचं मी तरी बघितलं न्हाय." त्या बाई जरा सरकून बसल्या.

मग एकेक जण उठून बोलला. सगळ्यांच्या अंगाला चिकटलेले रंगीत सदरे आणि सगळ्यांच्या तोंडी एकच भाषा. "सदाभाऊंच्या नसानसांत सायकल भिनलेली होती." डोंबलाची सायकल! तुझ्या नसांत काय साचलंय ते डॉक्टरांनी तुला गेल्या पावसाळ्यातच सांगितलं होतं, आणि ते तू आम्हांला सांगितलं नाहीस. "सदाभाऊ म्हणजे पडद्यामागचे खेळाडू." पडद्यामागचे नव्हे, झाडामागचे. त्यावर मी पुढं येतेच. शेवटी सगळे मौन पाळायला उभे राहिले, तर पुढच्या रांगेतल्या एकाचं मनगटावरचं घड्याळ किणकिणायला लागलं. फार वेळ एका जागी आहात, जरा हिंडून या, असं ते त्याला सांगत होतं म्हणे. तू असतास तर तोंडात रुमाल कोंबून हसला असतास. मला हसू आलं नाही, रागच आला.

मलाही चार शब्द बोलायला सांगितलं. मी मानेनंच नको म्हटलं. भरल्या सभेत मेलेल्या भावाला शिव्या घालणं बरं दिसलं नसतं, आणि तुझी बायको समोरच बसली होती. रडून रडून सुमनचा चेहरा सुजलाय. तिच्यादेखत नको म्हटलं. म्हणून हे लिहिते आहे.

मला तुझं गुणगान करायचं नाही. ते काल पोटभर झालं. मला तुला एकच गोष्ट विचारायची आहे. आंबोलीच्या रस्त्याला, माझ्या आजऱ्याच्या घरापासून गाडीनं दहा मिनिटंही लागत नाहीत अशा जागी, तू छातीला हात लावून खाली बसलास. दुसऱ्या हातात फोन होता. फोनला रेंज होती. आणि तू मला, तुझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीला, फोन केला नाहीस. का?

तसा तू लहानपणापासून दुसऱ्यांच्याच मागे. हुपरीत आपल्या घरी आई-आबा पैंजणाच्या कड्या जोडत बसायचे, मी घुंगरं ओवायची, आणि तू उंबऱ्यावर बसून कोल्हापूरची एसटी आत्ता कुठं पोचली असेल ते सांगायचास. "आता पट्टणकोडोलीत थांबली. म्हातारं माणूस चढतंय, म्हणून उशीर लागलाय." आबा म्हणायचे, "कार्ट्या, हितं चिमटा धर, तिकडं कंडक्टर हाय एसटी सांभाळायला." पण गाडी खरंच तुझ्या सांगण्याप्रमाणं यायची. माझं लग्न होऊन मी आजऱ्याला निघाले तेव्हा तू गाडीमागं गावाबाहेरपर्यंत पळालास, आणि घरी जाऊन रडत्या आईला काय सांगितलंस? "अक्का आत्ता निपाणीला पोचली असंल बघ." आईनं तुला मारलं होतं. मला हे तिनंच नंतर सांगितलं, आणि सांगताना ती हसत होती.

तर असल्या माणसाच्या हातात कुणीतरी तो नकाशा द्यावा! शाहूपुरीत तू पैंजणांचा माल द्यायला जायचास. तिथल्या सायकलवाल्यानं तुला फोनवर डोंगरातली एक शर्यत दाखवली आणि तू कामातून गेलास. सह्याद्रीच्या अंगाखांद्यावरनं, कच्च्या वाटांनी, जंगलातनं, दिवसच्या दिवस सायकल हाणायची आणि आंबोलीला जाऊन थांबायचं. प्रत्येकाजवळ एक डबीएवढं यंत्र, ते आपली जागा सांगत राहतं, आणि जगातल्या कुणालाही फोनवर नकाशात तो माणूस ठिपका होऊन सरकताना दिसतो. मी तुला विचारलं होतं, "जिंकल्यावर काय मिळतं?"

"काय न्हाय."

"काय न्हाय म्हंजे? ढाल, पाकीट, काय तरी देत असतील की."

"काय सुदीक न्हाय, अक्का. त्यातच मजा हाय."

मजा! घरी गादी-उशी असलेली, नोकरीधंदा असलेली, धडधाकट माणसं पदरचे पैसे घालून देवळाच्या ओट्यावर कुत्र्यांशेजारी झोपतात आणि ढोपरं फोडून घेतात. आमच्या शेडमध्ये काजू फोडायला येणाऱ्या बायका बोटांना राख चोळून दिवसभर बसतात, बियांच्या तेलानं त्यांच्या हाताची सालटं निघतात. त्यांना मी ही शर्यत समजावून सांगितली तेव्हा पारूबाई म्हणाली, "वैनी, ह्यास्नी घरात कोण बोलत न्हाय का?" मला त्यापेक्षा शहाणं मत त्या विषयावर अजून ऐकायला मिळालेलं नाही.

आणि नियम तर काय वर्णावा. सगळं सामान आपल्याच सायकलवर. मागं गाडी नाही, माणूस नाही. चाक फुटलं तर आपणच काढायचं. दुकानात पैसे टाकून खाल्लं तर चालतं, कारण ते कुणालाही मिळतं. वाटेत परक्या माणसानं आपणहून काही दिलं तर तेही चालतं. पण ओळखीच्यानं, नातलगानं, शर्यतीवर नजर ठेवून मागावर असलेल्यानं एक शेंगदाणा दिला तरी तो गडी बाद. परक्यानं दिलं तर नशीब, आपल्यानं दिलं तर लबाडी. असला उफराटा कायदा करणाऱ्याच्या घरात कधी कुणी आजारी पडलं नसावं.

तुला मात्र तो कायदा जीव की प्राण. दर वर्षी शर्यत आपल्या जिल्ह्यात शिरली की तू स्कूटर काढून माझ्याकडं हजर. पन्हाळ्याहून राधानगरी, तिथून गारगोटी, तिथून आजरा, असे ठिपके खाली सरकायचे आणि तू माझ्या पायरीवर फोन घेऊन बसायचास. भाऊबीजेला यायला तुला कधी सवड झाली नाही. "अक्का, दिवाळीत मालाची गडबड असती." ठिपक्यांच्या वेळी कशी रे गडबड नसायची? तुला ओवाळायला मला सायकलीला दिवा लावून जंगलातनं फिरावं लागलं असतं.

पण एक सांगते. तेवढं सांगितलं नाही तर माझ्याच मनाला बरं वाटणार नाही. त्या पायरीवरच्या दुपारी मला आवडायच्या. तू नुसता ठिपका बघून माणूस सांगायचास. "हा बघ, थांबला. तिथं एकच टपरी हाय, भजी चांगली मिळत्यात. आता ह्यो बसतोय घटकाभर." खरंच तो घटकाभर बसायचा. "ह्यो वाट चुकला, वढ्याकडं गेला. आता शिव्या देत माघारी येईल." तो माघारी यायचा. "ही बाई दमल्याली न्हाय, ही रडायला थांबली असंल. चढ संपल्यावर कोण दमून थांबत न्हाय." मी तुला वेड्यात काढायचे, आणि भांडी तशीच टाकून तुझ्या खांद्यावरून फोनमध्ये बघायचे. आमचे हे म्हणायचे, दोघं भावंडं बुद्धिबळ खेळताय का काय. त्या दुपारी तू मला दिल्यास, त्याबद्दल तुझे उपकार आहेत. आता पुढं ऐक.

ठिपका गावाजवळ आला की तू उठायचास आणि रस्त्यापलीकडच्या जांभळाच्या झाडामागं जाऊन उभा राहायचास. टाळी नाही, हाक नाही. मी एकदा म्हटलं, "अरे, एवढा लांबनं आलेला माणूस, हात तरी हलीव."

"हात हलवला तर हुरूप येतो, अक्का. हुरूप बी मदतच की."

पोटाचा घेर झाडाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि हा गृहस्थ लपलाय! तीच ती काल गाजलेली पडद्यामागची भूमिका.

मग गेल्या वर्षीचा तो रविवार. तो आठवला की आजही माझ्या टाळूला झिणझिण्या येतात. दुपारची वेळ, स्वयंपाक झालेला, आणि दारात एक धुळीनं माखलेला माणूस सायकल धरून उभा. केदार त्याचं नाव, हे मला नंतर कळलं. पुण्याचा. "इथं जेवायला कुठं मिळेल?" असं विचारत होता. आता ह्या प्रश्नाला आपल्या बाजूला किती उत्तरं आहेत? मी म्हटलं, "हितंच. बसा की पावणं." तो नको म्हणाला. तीनदा नको म्हणाला. आपल्याकडं तीनदा नको म्हणाल्यावर चौथ्यांदा विचारत नाहीत, ताट वाढतात. मी ताट वाढलं. घनसाळचा वाफाळता भात आणि त्यावर मटणाचा रस्सा. पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिखटानं आलं असेल, पुणेकरच तो. पण तो ज्या रीतीनं जेवला, तसं जेवताना बघायला मिळणं हेच रांधणाऱ्या बाईचं खरं जेवण असतं.

तो तिसऱ्यांदा भात घेत होता आणि तू दारात आलास. त्या दिवशी पुढच्या वळणावरच्या झाडामागं उभं राहून कंटाळला होतास, ठिपका पुढं का येत नाही ते बघायला आलास, तर ठिपका तुझ्या बहिणीच्या सोप्यात मांडी घालून बसलेला.

"अक्का! काय क्येलंस ह्ये!"

तुझा आवाज ऐकून केदारचा हात ताटात थांबला. "हे कोण?" असं त्यानं विचारलं. मी सरळ माणूस, मी सांगून टाकलं, "माझा भाऊ. तुमच्याच मागावर असतोय. चार दिस झालं तुमचा ठिपका बघतोय." त्या बिचाऱ्याला सगळं कळलं. ताटातला भात मात्र त्यानं संपवला. आणि तो हात धुवून यायच्या आत तू अंगणात जाऊन शर्यतवाल्यांना फोन लावलास. माझ्याच अंगणातून! अमुक नंबरचा गडी माझ्या बहिणीच्या घरी जेवला, मी शर्यतीच्या मागावर असतो, तवा तुम्ही काय ते ठरवा. केदारचं नाव यादीत खाली गेलं. तो तिसरा होता की चौथा होता, मला आठवत नाही, तुला आठवत असणार. जाताना त्यानं मला नमस्कार केला आणि म्हणाला, "त्यांचं बरोबर आहे, ताई." आणि नंबर गेलेला असतानाही तो आंबोलीपर्यंत सायकल मारीत गेला. ह्या लोकांचं सगळंच असं.

तो गेल्यावर मी तुला धरला. "सद्या, बहिणीच्या घरच्या जेवणाची चुगली करतोस? लाज कशी वाटत न्हाय तुला?"

"नियम म्हंजे नियम, अक्का."

"दारात आलेला माणूस उपाशी धाडू व्हय?"

"तू परकी असतीस तर काय बी झालं नसतं," तू म्हणालास. "तू माझी भन हाईस, म्हणूनच त्यो बाद झाला."

हे बोलताना तुझा चेहरा असा होता, जसं काही बहीण असणं हा माझा गुन्हाच. त्यापुढं मी जे बोलले ते गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत गेलं. ठिपके बघायला माझ्या दारात पाय ठेवायचा नाही, भाऊ म्हणून यायचं असलं तर भाऊबीजेला ये, असं म्हणाले. बोलले ते बोलले. त्यातला एक शब्द मी आजही मागं घेत नाही. तू डोक्याला टोपी चढवलीस, स्कूटरला लाथ मारलीस आणि गेलास. भाऊबीजेला तू आला नाहीस. एसटीच्या कंडक्टरकडं साडीची पुडी धाडलीस. मीही त्याच कंडक्टरकडं फराळाचा डबा दिला. दोन्हीकडून चिठ्ठी नाही, शब्द नाही. कंडक्टरला वाटलं असेल, ह्या दोघांची काही देवघेव चाललीय.

त्याच वर्षाच्या पावसाळ्यात तुझं दुखणं सुरू झालं होतं, हे मला तुझ्या सुतकाच्या दिवसांत सुमनकडून कळलं. "वन्सं, त्यांनी माझ्या गळ्याची शपथ घातलती," ती म्हणाली. "म्हणायचं, अक्काला कळलं तर ती हुपरीला येऊन बसंल. माझं पथ्यपाणी करंल, मला घरातनं हलू द्यायची न्हाय."

अगदी खरं ओळखलंस. आले असते, बसले असते, आणि तुला हलू दिलं नसतं. तेवढ्यासाठी तू गोळ्या पैंजणांच्या डब्यात लपवल्यास? कोल्हापूरच्या दवाखान्यात एकटा जाऊन रांगेत बसलास, एकटा रिपोर्ट घेऊन आलास, आणि डॉक्टरांनी छातीतली नळी उघडायची म्हटल्यावर "सीझन झाल्यावर बघू" म्हणून परत आलास. सुमनलाही अर्धंच सांगितलंस. सगळं आपलं आपण न्यायचं, मागं गाडी नाही, माणूस नाही! अरे, त्या लोकांनी निदान वर्षातले काही दिवसच हा मूर्खपणा करायचा असं ठरवलंय. बाकीचे दिवस त्यांना बायका गरम पोळ्या वाढतात. तू त्यांच्यापेक्षा शहाणा, तू तो जन्माचा नियम करून टाकलास. आणि ही शर्यत तू कुणाशी लावली होतीस रे? तुझ्या पुढं कुणी नव्हतं, मागंही कुणी नव्हतं.

ह्या वर्षी शर्यत सुरू झाली ते मला ठाऊक होतं. तू आला नाहीस. मी बोलावलं नाही. पण फोनवर तो नकाशा उघडायला तूच मला शिकवलं होतंस, तो मी उघडून शेडमध्ये पत्र्याच्या डब्याला टेकवून ठेवायची. पारूबाई म्हणायची, "वैनी, भाऊ न्हाय आला तर तुम्हीच लागला व्हय?" मी तिला गप्प बस म्हणायची. केदारचा ठिपका गावाजवळ आला तेव्हा मी दारात जाऊन उभी राहिले. त्यानं मला बघितलं, हात वर केला आणि थांबला नाही. मी हाक मारली नाही. घरात भाकरी होती, आमटी होती, आणि मी हाक मारली नाही. तुझा नियम पाळला बघ मी.

मग मी शेडमध्ये येऊन बसले. तो ठिपका आंबोलीच्या रस्त्याला लागला आणि थोडं पुढं जाऊन थांबला. बराच वेळ थांबला. मी तुझ्यासारखं ओळखायला गेले. म्हटलं, टपरी तर तिथं नाही, म्हणजे साखळी तुटली असेल. मग तो माघारी फिरला. मी मोठ्यानं हसले. "बघा गं, पुणेकर दमला! घाटाला भिऊन परत आला!" बायकाही हसल्या. एकीनं विचारलं, "सायकल येवढ्या जोरात कशी पळती, वैनी?" मी म्हटलं, "उतार असंल." ठिपका आमच्या दारावरून गेला. त्याच वेळी रस्त्यावरून दुधाचा एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला, तो मी ऐकला. मान वर केली नाही. मी ठिपका बघत होते.

त्या टेम्पोत तू होतास, सदा.

दवाखान्यात तुला कुणीतरी ओळखलं. "हे काजूवाल्या वहिनींचे भाऊ दिसतात," म्हणून माझ्याकडं माणूस आला. मी पोचले तेव्हा तुझ्यावर चादर ओढलेली होती, आणि तुला टेम्पोतनं आणणारा केदार निघून गेला होता. तुझी टोपी बाकावर ठेवली होती, आणि फोन तिच्या आत. मी तिथंही तुला बोलले. डॉक्टर बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मला रडू यायच्या आधी शिव्या येतात, हे त्यांना कुठून माहीत असणार.

जगभरच्या लोकांचे ठिपके तू बघितलेस. कोण दमलं, कोण चुकलं, कोण रडायला थांबलं, सगळं तुला कळायचं. तुझा ठिपका कुणाच्याच फोनवर नव्हता. तू तो कुणाला दिलाच नाहीस. तू थांबलास तेव्हा कुणी म्हणालं नाही, हा सदा बघा, इथं टपरी नाही, चढ नाही, हा का थांबलाय? मी म्हणाले असते की रे. मला येत होतं ते. तूच शिकवलं होतंस.

कालच्या सभेत केदारही आला होता. सगळ्यात मागं भिंतीला टेकून उभा होता. एवढ्यांत तो एकटाच बोलायला उठला नाही, म्हणून मला तो बरा वाटला. मी जिना उतरून रस्त्यावर आले तर तो माझ्या मागं आला.

"ताई, ओळखलंत का?"

"तुम्हांला न ओळखून चालंल कसं? आमच्या घराण्यानं तुम्हांला दोनदा बाद केलंय."

तो हसला नाही. कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्याजवळ आम्ही उभे राहिलो. गाड्यांचे आवाज एवढे, की त्याला वाकून बोलावं लागत होतं. त्यानं सांगितलं, तुझी स्कूटर कडेला होती आणि तू मैलाच्या दगडाला टेकून बसला होतास. झाडामागं नव्हतास. घामानं सदरा भिजला होता. त्यानं तुला ओळखलं आणि ब्रेक लावला, तर तू हातानं त्याला जा, जा म्हणून खुणावलंस.

"मला म्हणाले, थांबू नका. तुम्ही पाचवं हाय. म्होरला गडी लई लांब न्हाय."

मरताना माणसं देवाचं नाव घेतात, मुलाबाळांचं नाव घेतात. माझा भाऊ नंबर सांगत होता. मी हे केदारला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "मी सायकल टाकून दिली, ताई. त्यांना विचारलं, कुणाला फोन करू? कुणाला नको म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या ताईंचं घर इथंच मागं आहे, मी आत्ता तिथूनच आलो, त्या दारात उभ्या होत्या."

"मग?"

चहाचा कप त्यानं गाड्यावर ठेवला.

"सांगा की. मला काय होत न्हाय."

"म्हणाले, तिला नको. ती भांडंल."

भांडले असतेच! त्यात काय संशय? रस्त्यावर भांडले असते, गाडीत भांडले असते, दवाखान्याच्या दारात डॉक्टरांसमोर भांडले असते. भांडत भांडत तुला उचललं असतं, गाडीत घातलं असतं, आणि दात आवळून गाडी अशी हाणली असती की तो दुधाचा टेम्पो मागं राहिला असता. माझं भांडण तेवढं तुझ्या लक्षात राहिलं. भांडून झाल्यावर मी काय करते, हे तू जन्मभर बघितलंस, आणि ते नेमकं त्या रस्त्यावर विसरलास.

मी केदारला विचारलं, "त्यानं काय मागितलं का?"

"पाणी."

"दिलंत?"

"हो. बाटली तोंडाला लावली. टेम्पो मिळेपर्यंत मांडीवर डोकं घेऊन बसलो होतो. सगळी बाटली प्याले."

पुढं घाटापर्यंत त्याला पाणी मिळणार नव्हतं, ते त्याचं सोबतचं पाणी होतं. तो हे बोलला नाही. तुझ्याजवळ बसून बसून मला एवढं कळायला लागलंय. मी भर रस्त्यात त्याचा हात धरला आणि म्हटलं, "घरी जेवायला या. आता फोन करणारा गेला." त्यावर तो लहान मुलासारखा रडला. मग मीही रडले. चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत.

शेवटचं पाणी आपल्या माणसाच्या हातून मिळावं असं म्हणतात. तुला ते पुण्याच्या एका परक्या माणसाच्या हातून मिळालं. माझी त्याच्याबद्दल काहीच तक्रार नाही. त्यानं तुझं डोकं मातीत राहू दिलं नाही, ते त्याचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पाणी प्यालास, बरं केलंस. पण सदा, त्यानं बाटली पुढं केली तेव्हा तू नको म्हणाला नाहीस. नको म्हणालास ते मला.